आगपेटीच्या काड्या आणि वालट्यूब: परदेशी शाळेत शिकवायला निघालेल्यांसाठी एका स्वस्त संचाचं परीक्षण

महिना-दोन महिने नेपाळ किंवा पूर्व आफ्रिकेतल्या एखाद्या शाळेत स्वयंसेवक म्हणून शिकवायला निघालेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न पडतो. मुलांनी स्वतः डोकं लढवावं, अडलेलं आपलं आपण सोडवावं, यासाठी बॅगेत न्यायचं काय? नागपूरच्या धरमपेठेतल्या खेळण्यांच्या दुकानात रंगीत प्लास्टिकचे जोडणी-संच मिळतात. ते दिसायला छान असतात आणि महागही. पण त्याच पैशात पूर्ण वर्गाला पुरून उरेल असा दुसरा संच नागपुरात तयार होतो: आगपेटीच्या गुल (पेटणारं टोक) काढलेल्या काड्या, सायकलची वालट्यूब (ट्यूबच्या व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी, तिच्या तुकड्यांत काड्या खुपसून जोडायच्या), एक दाभण आणि एक कात्री. हे परीक्षण त्या संचाचं आहे. कल्पनेला पाचपैकी पाच, मजबुतीला तीन. प्रवासाच्या सोयीला, तयारी न करता निघालात तर, फार तर एक.

ही जोडणी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांची. १९७८ मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीतल्या अभियंत्याच्या नोकरीतून त्यांनी वर्षभराची रजा घेतली आणि मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम करायला गेले. १९७२ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम आपल्याला लांबचा नाही. नागपूरहून दिल्लीच्या गाडीत बसलं की इटारसी लागतं, तोच हा जिल्हा. आता त्याचं नाव नर्मदापुरम. गावातल्या आठवडी बाजारात जे मिळतं त्यातूनच विज्ञान शिकवायचं, ही तिथली अट होती आणि काडी-वालट्यूब तिच्यातून आली. २०१८ मध्ये गुप्तांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर ही सगळी खेळणी आणि अनेक भाषांतल्या चित्रफिती फुकट आहेत, तेव्हा निघण्याआधी त्या उतरवून घ्या. डोंगरातल्या शाळेत नेटवर्क मिळेलच असं नाही.

आता खरेदी. सायकलवाल्याकडे ‘वालट्यूब’ म्हणूनच मागा, ‘व्हॉल्व्ह ट्यूब’ म्हटलं तर तो ट्यूबचा अख्खा व्हॉल्व्ह हातात देईल. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे जेमतेम हातभर तुकडा असतो. सायकलचे सुटे भाग ठोक विकणाऱ्याकडे पूर्ण गुंडाळी मिळते. घेण्याआधी एक तुकडा दुप्पट ताणून बघा. ताणल्यावर बारीक भेगा किंवा पांढरट रेघा दिसल्या तर माल जुना आहे, दोन दिवसांत फाटेल. नागपूरच्या उन्हाळ्यात दुकानाच्या दर्शनी भागात टांगलेली वालट्यूब हमखास अशीच निघते, म्हणून आतल्या डब्यातली मागा. तिच्यावर असलेली पांढरी पावडर पुसू नका. ती नसली तर रबर एकमेकांना चिकटतं. घरी ठेवताना थोडी टाल्कम पावडर लावून डब्यात, अंधारात ठेवा.

माचिस नागपूरच्या इतवारी बाजारात ठोकात मिळते. लाकडी काडीचीच घ्या, मेणकाडी या कामाची नाही. टूथपिक घेऊन निभेल असं वाटतं, पण निभत नाही. ती गोल आणि टोकाकडे निमुळती असल्यामुळे रबरातून निसटते. माचिसच्या काडीला चार कडा असतात आणि त्या कडा रबरात रुततात. या सांध्याची सगळी पकड त्या कडांवर आहे.

हिशेब असा करा. वर्ग चाळीसचा धरा आणि चौघांचा एक असे दहा गट. गटाला ४० काड्या आणि दीड सेंटिमीटरचे ३० तुकडे. म्हणजे ४०० काड्या आणि साडेचार मीटर वालट्यूब. काड्या मोडतात, तुकडे बाकाखाली जातात, त्यामुळे काड्या दीडपट आणि वालट्यूब सहा मीटर घ्या. सहाशे सरळ काड्यांसाठी वीस पेट्या लागतील, कारण प्रत्येक पेटीत काही काड्या वाकड्या किंवा फार बारीक निघतात. पाचवा भिडू गटात घेऊ नका. चौघांच्या पुढे गेलं की दोघं करतात आणि बाकीचे बघत बसतात.

सर्वांत मोठी चूक होते ती प्रवासाची. माचिसच्या वीस पेट्या विमानाच्या सामानात चालत नाहीत, हातातल्या बॅगेत नाहीत आणि आत टाकायच्या बॅगेतही नाहीत. रेल्वेतही ज्वलनशील माल नेता येत नाही. म्हणून गुल घरीच काढायचे. चाकूने खरवडू नका, घर्षणाने काडी पेटू शकते. काड्यांची जुडी गुलाच्या बाजूने पाण्यात बुडवून ठेवा. थोड्या वेळात गुल मऊ पडतो आणि जुन्या फडक्याने पुसून निघतो. त्या पाण्यात पोटॅशियम क्लोरेट उतरतं, तेव्हा भांडं स्वयंपाकाचं नको आणि नंतर हात साबणाने धुवा. काड्या सावलीत पसरून दोन दिवस वाळवा. उन्हात घाईने वाळवल्या तर वाकतात. हे काम मोठ्यांनीच करायचं. मुलांच्या हाती काडी द्यायची ती बिनगुलाचीच, इथेही आणि तिथेही. दाभण आणि कात्री आत टाकायच्या बॅगेत ठेवा.

वालट्यूब न्यायची की नाही हे शाळा कुठे आहे त्यावर ठरतं. भैरहवा, वीरगंज, जनकपूर असा नेपाळचा तराईचा पट्टा सायकलींचा आहे. गोरखपूर-सोनौली मार्गाने गेलात तर सीमा ओलांडताच मिळेल. पण डोंगरातल्या गावात सायकलच नसते, मग सायकलवाला कुठून असणार? तिथे निघालात तर गुंडाळी नागपूरहून न्या.

सांधे तीन प्रकारचे. तुकड्याच्या दोन्ही तोंडांतून एकेक काडी खुपसली की दोनचा सांधा होतो, तो पहिलीतलं पोरही करतं. त्याच तुकड्याच्या मधोमध भोक पाडून, टोक तासलेली तिसरी काडी खुपसली की तीनचा. भोक पाडायला बाभळीचा वाळलेला लांब काटा सर्वांत चांगला, तो विदर्भात हवा तेवढा मिळतो. शिवणाची सुई चालत नाही, भोक फार बारीक पडतं आणि रबर लगेच मिटतं. दाभण चालते. चारचा सांधा काट्यावर दोन तुकडे काटकोनात ओवून करतात. लहान मुलांना तो जमत नाही आणि तो शिकवण्यात तास वाया घालवू नये. दोन आणि तीनच्या सांध्यांत महिनाभर पुरेल इतका मसाला आहे.

संचाची खरी किंमत कळते ती चौकोनात. तीन काड्या आणि तीन तुकड्यांचा त्रिकोण करायला सांगा, मग चार-चारचा चौकोन. दोन्ही बोटांनी दाबून बघायला लावा. त्रिकोण हलत नाही, चौकोन लगेच तिरपा होतो. इथपर्यंत कुठल्याही पुस्तकातला पाठ आहे. आता विचारा, “हा चौकोन घट्ट करून दाखवा.” मुलं ताबडतोब कर्णावर काडी ठेवतात आणि काडी आखूड पडते. कर्ण बाजूच्या सुमारे १.४१ पट असतो, चार सेंटिमीटरच्या काडीला साडेपाचपेक्षा थोडी जास्त लांबी हवी असते. संच पहिल्यांदा अडवतो तो इथे, आणि मुलं पहिल्यांदा विचार करतात तेही इथेच.

या जागी सहसा काय-काय निघतं ते सांगतो, म्हणजे दिसलं की ओळखता येईल. एक गट दीड काडी जोडून कर्ण करतो. चालतं, पण मधला जोड लवचीक राहतो आणि कर्ण तिथेच वाकतो. दुसरा गट काडी मोडून तिचा तुकडा कोपऱ्यात आडवा मारतो, दाराच्या चौकटीला सुतार मारतो तसा. त्यासाठी काडीला सांध्याशिवाय पकड हवी, म्हणून वालट्यूबचा तुकडा काडीवर सरकवून घ्यावा लागतो. हा शोध मुलांचा मुलांनाच लागू द्यायचा. तिसरा गट बाहेर जाऊन खराट्याची लांब काडी आणतो. आणि एखादा गट चौकोनाला हळूहळू दाबत जातो, समोरासमोरचे दोन कोपरे बरोबर एका काडीच्या अंतरावर येईपर्यंत, आणि तिथे काडी बसवून टाकतो. चौकोन झाला तिरपा, आत दोन समभुज त्रिकोण, आणि पूर्ण घट्ट. त्याने काडी बदलली नाही, प्रश्नाचा आकार बदलला. ‘चौकोन म्हणजे काटकोनच’ असं कुणी म्हटलं होतं का? नव्हतं. या उत्तराला ‘चूक’ म्हणाल तर पुढचे सगळे तास गेलेच म्हणून समजा. उलट पुढची अट घाला: “आता कोपरे काटकोनात ठेवून करून बघा.”

म्हणूनच तयार नमुना आधी दाखवू नका. टेबलावर सुबक घर किंवा घन ठेवला की मुलं तोच उतरवून काढतात, तोही पंचवीस मिनिटांत आणि एकाच रीतीने. नवखे स्वयंसेवक पहिल्याच तासाला हे करतात, कारण पहिल्या दिवशी वर्गाने खूश व्हावं असं वाटतं. वर्ग खूश होतोही, पण विचार करायचं काम उरत नाही.

काड्या गटाला कशा द्यायच्या यातही खोच आहे. कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचा मेणबत्तीचा प्रयोग १९४५ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. मेणबत्ती, माचिस आणि टाचण्यांची डबी देऊन मेणबत्ती भिंतीवर बसवायला सांगितली, तर टाचण्या डबीत भरलेल्या असताना डबीचाच कट्टा करायचं कमी लोकांना सुचलं. डबी रिकामी आणि वेगळी दिली तेव्हा जास्त लोकांना सुचलं. भरलेली डबी म्हणजे ‘ठेवायची वस्तू’, इतकंच डोक्यात राहतं. म्हणून काड्या आगपेटीतच द्या, पेटीबद्दल काही बोलू नका, आणि पुढच्या तासाला त्याच पेट्या रिकाम्या करून काड्यांशेजारी ठेवा. पुलाचा खांब, खडे भरायची पाटी, घराचा मजला असे पेटीचे उपयोग आपोआप निघू लागतात. दोन तासांतला फरक मुलांनाच सांगायला लावा. त्यासाठी घासपट्टी उतरवलेल्या पेट्या हव्यात.

दुसरं चांगलं काम सहा काड्यांचं: सहा काड्यांत चार त्रिकोण, सगळे पूर्ण काडीचे. मुलं बाकावर सपाट मांडत राहतात. सपाटीवर ते होत नाही, काडी वर उचलून चतुष्फलक, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचा उभा आकार, करावा लागतो. वालट्यूब नसती तर काड्या उभ्याच राहिल्या नसत्या, म्हणून हे कोडं या संचाला जास्त शोभतं. पंधरा मिनिटं गप्प राहा. अगदीच अडलं तर “सगळं बाकावरच हवं का?” एवढंच विचारा.

पुलावर मात्र या संचाचा कस लागतो आणि तो अर्धाच उतरतो. दोन बाकांत वीस सेंटिमीटरचं अंतर ठेवून पूल करायला सांगितला, त्यावर खडे भरलेली आगपेटी ठेवली, की बहुतेक पूल मधोमध खालच्या बाजूने उसवतात. कारण साधं आहे. वाकणाऱ्या पुलाची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. दाब आला की काडी सांध्यात आणखी घुसते. ताण आला की ती फक्त घर्षणावर टिकते आणि निसटते. हा दोष वालट्यूबचा आहे, मुलांचा नाही, आणि ते वर्गाला सांगायलाच हवं. नाहीतर मुलांना वाटतं की आपल्याला बांधता येत नाही. दोष कळला की उपायही निघतात: खालून सुतळी ओवायची, पुलाला कमानीचा बाक द्यायचा किंवा अंतराच्या मध्ये टेकू उभारायचा. खालच्या सांध्यांना फेव्हिकॉल लावणं हाही उपाय आहे, पण ते तुकडे मग पुन्हा वापरता येत नाहीत.

नेपाळमध्ये भूकंपाला टिकणाऱ्या घराचा प्रश्न समोर ठेवावासा वाटतो. ताटाखाली गोट्या ठेवून ताट हलवायचं, कर्ण नसलेला घन कोसळतो, कर्णवाला उभा राहतो. प्रयोग उत्तम आहे. पण २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात तिथे जवळपास ९,००० माणसं गेली. वर्गातल्या मुलांच्या घरात काय घडलं ते आपल्याला माहीत नसतं. किल्लारीकडच्या गावात १९९३ नंतर हा खेळ कुणी हसत-हसत मांडला असता का? आधी तिथल्या शिक्षकांना विचारा. त्यांनी ‘नको’ म्हटलं तर पूल करा. करायचाच असेल तर घर पाडण्यापासून नाही, घट्ट करण्यापासून सुरुवात करा.

भाषेच्या बाबतीत नेपाळमध्ये आपल्याला देवनागरीचा मोठा फायदा आहे. फळ्यावर लिहिलेलं मुलं वाचतात आणि त्यांचं आपण. पण शब्द फसवतात. नेपाळीत ‘समाधान’ म्हणजे उत्तर, तोडगा. आपण ‘समाधान झालं का?’ विचारलं तर मुलं तोडगा निघाला का, असं समजतात. ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. तेव्हा शिक्षेबद्दल बोलणारे सर धमकी देत नसतात. काडीला ‘सलाईको काँटी’. तासाला तीन वाक्यं पुरतात: ‘किन?’, म्हणजे का, ‘कसरी?’, म्हणजे कसं, आणि ‘अर्को तरिका छ?’, म्हणजे दुसरी रीत आहे का? तिसरं वाक्य बरोबर उत्तरालाही विचारा. फक्त चुकीलाच विचारलं तर दोन दिवसांत मुलांना कळतं की हा प्रश्न आला म्हणजे आपलं चुकलं, आणि ती केलेलं लगेच मोडून टाकतात.

चाळीस मिनिटांच्या तासाची वाटणी अशी जमते: वाटप पाच, काम वीस, सगळ्यांनी फिरून एकमेकांचं बघणं दहा, गोळा करणं पाच. घाईत गोळा करणंच गळतं आणि चौथ्या तासाला तुकडे निम्मे उरतात. गटाने तीस तुकडे पेटीत मोजून परत द्यायचे, हा नियम पहिल्याच दिवशी लावा. काडीतून वालट्यूब ओढून काढू नका, पिळत काढा. ओढली की तोंड फाटतं.

तयार संचांशी तुलना करायची तर प्लास्टिकचे जोड ताणाला निसटत नाहीत, पुलाला ते नक्कीच सरस. पण त्यांचा एक तुकडा हरवला की दुसरा मिळत नाही. शिवाय शाळेच्या दृष्टीने ती ‘किमती वस्तू’ असते. तिची नोंद होते, मुख्याध्यापकांच्या कपाटात जाते आणि कपाटाला कुलूप लागतं. स्वयंसेवक परतला की ते उघडतं फक्त पाहुणे आले की. काडी-वालट्यूबला कुणी कुलूप लावत नाही.

वालट्यूब संपली तरी काम थांबत नाही. वाटाणे किंवा हरभरे रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यावर कोरडे करा, आणि काडी त्यांच्यात टोचा. दाणा वाळताना आकसतो आणि काडी घट्ट धरतो. १८३७ मध्ये पहिली बालवाडी काढणाऱ्या फ्रोबेलच्या खेळांमध्ये हेच वाटाण्याचं काम होतं, म्हणजे कल्पना बरीच जुनी आहे. त्रुटी दोन. वाळेपर्यंत एक दिवस थांबावं लागतं, आणि वाळला की कोन बदलता येत नाही, म्हणून चौकोन डुलवून दाखवता येत नाही. नेपाळीत वाटाण्याला ‘केराउ’ म्हणतात. जिथे पोटभर अन्नाचीच अडचण आहे तिथे दाणे खेळायला वापरू नका, ओल्या चिकणमातीच्या गोळ्या घ्या.

निघण्याआधी दोन-तीन तास नागपुरातच घेऊन बघा. अपूर्व विज्ञान मेळाव्यात महापालिका शाळांची मुलं अशाच साध्या वस्तूंचे प्रयोग मांडतात आणि बघणाऱ्याला समजावून सांगतात. तिथे कान देऊन उभं राहिलं तर कुठल्या शब्दांत प्रश्न विचारायचा ते कळतं. आणि नेपाळमधून परतायच्या आठवड्यात उरलेली वालट्यूब, दाभण आणि कात्री मुख्याध्यापकांना समारंभाने देऊ नका. गणिताच्या शिक्षकांना द्या आणि त्यांच्यासोबत आठवीतल्या दोन मुलांना दीड सेंटिमीटरचे तुकडे कापायला बसवा. एका काडीवर दीड सेंटिमीटरची खूण करून दिली की पट्टीची गरज राहत नाही.